ठासणी

कातरवेळी बाबा पडवीत घोंगडी पसरायचे
आणि आई दिवा हातभर लांब सरकवायची.
बंदुकीशी तिचं बोलणं एवढंच.

शिंगातली दारू तळव्यावर यायची,
राखाडी, मशेरीसारखी.
आयुष्यरेषा झाकली की पुरे.
डुकरासाठी रेषा ओलांडायची,
कोल्ह्यासाठी अलीकडेच थांबायचं.
तराजू कुठला? आम्ही घाडी, सोनार नव्हे.

मग सोडणाचा बोळा. मग गज.
ठप्प. ठप्प. ठप्प.
आणि एकदाच, टण्ण.
गज हातात उसळायचा, बाबा मान हलवायचे,
भात शिजलं हे वासावरून कळावं तसे.
"बंदुकीक घाई कळता," म्हणायचे.
छर्रे मोजायचे मी. चौथीत होते, पाढे तिथेच पाठ झाले.

टोपी मात्र घरात कधी चढली नाही.
ती चंचीत, सुपारीच्या शेजारी, थेट मांगरापर्यंत.
एकदा काळोखात सुपारी म्हणून तीच दाढेखाली घेतली,
थुंकली, आणि रात्रभर एकटेच हसत बसले.
डुकरं त्या रात्री फिरकली नाहीत.

व्हाळापलीकडे भेकर भुंकलं त्या सालची गोष्ट
त्यांनी स्वतः कधी सांगितली नाही.
मी पाहिलं ते एवढंच:
पहाटे रिकामे हात, गुडघ्यापर्यंत चिखल,
आणि सदऱ्यावर दुधाचा डाग.
आईने तो सदरा दगडावर आपटला नाही,
नुसता पाण्यात सोडला.
पुढे वरीत खुरांचे ठसे दिसले की
ते पायाने माती सारायचे.
"डुकराचे नाय," एवढंच.
कोल्ह्याने आमची तलंग नेली तेव्हासुद्धा
शिंग खुंटीवरून काढलं, बघितलं,
परत अडकवलं.

मतदानाच्या वर्षी भात लोंबीला आलं
आणि आचारसंहिता लागली.
बंदूक देवगडला ठाण्यात जमा,
बदल्यात पावती, सातबाऱ्याच्या पिशवीत.
डुकरांना पावती कोण दाखवणार?
तीन रात्री बाबा डबा बडवत बसले.
चौथ्या रात्री डबा थांबला
आणि मांगरातून आवाज आला,
ठप्प, ठप्प.
मी डोकावले.
काठीने ते बांबूच्या नळीत काहीतरी ठासत होते.
"हात विसारतत," म्हणाले, माझ्याकडे न बघता.

त्याच नळीचं एक पेर कापून त्यांनी मला दिलं.
"तुझो तळवो बारको. माझ्या मापान भरलंस
तर बंदूक तुकाच खायत."
मी म्हटलं, मी कशाला भरू?
ते कड घासत राहिले, पालीच्या अंड्याएवढी गुळगुळीत होईतो.

आता भाऊ नालासोपाऱ्याला.
त्याला कलमांचे पैसे हवेत, बंदूक नको.
ओरोसच्या कचेरीत कारकुनाने वारसाचा रकाना वाचला,
सत्यवती रवळू घाडी,
चष्मा खाली केला.
"चालवता येते?"
"भरता येते."
त्याने थोडा विचार केला आणि "होय" लिहिलं.
फोटो दोन, दाखला एक,
पुढल्या सोमवारी या. असे सोमवार सात झाले.

आज बंदूक घरी आली.
नळीला ठाण्यातल्या फिनेलचा वास.
आईने दिवा हातभर लांब सरकवला,
मग, का कोण जाणे, बोटभर जवळ आणला.
पेर भरलं. काठोकाठ नाही, किंचित कमी.
बोळा. गज.
ठप्प. ठप्प.
माझे खांदे भरून आले, टण्ण काही येईना,
आणि आलं तेव्हा आई आतून म्हणाली,
"झाला."

व्हाळापलीकडे काहीतरी भुंकतंय.
कुत्रा असेल. नसेलही.
मी मांगराकडे निघालेय, बॅटरी न लावता.
टोपी चंचीत आहे,
सुपारी मी खात नाही.